नाव झालेला गायक, दारू आणि घरचे: इंदूरच्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही इंदूरचे, सुदामा नगरात राहतो. धाकटा भाऊ सतराव्या वर्षी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोचला होता. आता २६ वर्षांचा आहे, ऑर्केस्ट्रा आणि लग्नाचे कार्यक्रम करतो. रोज अद्धा लागतो आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ च्या दोन-तीन गोळ्या. गणेशोत्सवात एका मंडळाच्या स्टेजवर तोल जाऊन पडला, त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. नातेवाईक म्हणतात, देवानं एवढं दिलं आणि यानं मातीत घातलं. बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. आम्ही प्रेमानं घ्यावं की कडक व्हावं? नशामुक्ती केंद्रात टाकावं का? नवरात्राच्या आणि दिवाळी पहाटच्या सुपाऱ्या घेऊन ठेवल्यात, त्यांचं काय करायचं?"

सगळ्यात आधी हे: त्याची दारू आणि गोळ्या घरच्या घरी एका दिवसात बंद करू नका. कपाटातल्या बाटल्या ओतून देणं, खोलीला कडी घालणं, आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणं, यातलं काहीही आज नको. कारण हिशोबानंच समजेल. अद्धा म्हणजे ३७५ मिली. ४२.८ टक्क्यांच्या दारूत त्यात साधारण १२५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे १० ग्रॅमचं एक माप धरलं तर साडेबारा मापं. एवढी दारू रोज पिणाऱ्या माणसाची अचानक थांबली तर सहा ते आठ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात, ताप चढतो, माणूस वेळ-जागा विसरतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न झाल्यास यात जीव जातो. अल्प्राझोलाम एकदम तोडली तरी झटके येतात. तुमच्या भावाला दोन्हींची सवय आहे, त्यामुळे धोका दुप्पट समजा.

म्हणून पहिला टप्पा रुग्णालयाचा. एम.वाय. रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, बाणगंगेला शासकीय मानसिक रुग्णालय आहे, खासगीत ज्यांच्याकडे रात्री डॉक्टर आणि नर्स हजर असतात अशी रुग्णालयं आहेत. साधारण सात ते दहा दिवस धरा. तिथं डायझेपाम किंवा लोराझेपामसारखी औषधं आधी पुरेशा मात्रेत देऊन दारूची जागा भरून काढतात आणि रोज थोडी थोडी कमी करतात. रोजच्या अल्प्राझोलामचा हिशोब डॉक्टरांना खरा सांगा, एकही गोळी लपवू नका, कारण त्यावर ही मात्रा ठरते. झोपेच्या गोळीचा शेवटचा भाग घरी आल्यावर फार सावकाश उतरवावा लागतो. दोन ते चार आठवड्यांनी एकदा पाच-दहा टक्के, अशा चालीनं काही महिने लागले तर घाबरू नका.

एक चूक हमखास होते. "अशक्तपणा आलाय" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावून आणतात. बरीच वर्षं पिणाऱ्या आणि नीट न जेवणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. त्यात नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिन खर्च होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते: तोल जातो, नजर हलते, नवीन काही लक्षात राहत नाही. थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, निदान सोबत तरी, गेलंच पाहिजे. हे तुम्ही तोंडानं विचारा. स्टेजवर तो पडला ते नशेमुळे की तोलच बिघडलाय म्हणून, हेही डॉक्टरांना तपासायला सांगा.

आता नातेवाईकांच्या बोलण्याकडे येतो, कारण उपचार कुठं अडतात ते तिथं आहे.

कार्यक्रम संपतो रात्री बाराला. दोन हजार माणसांच्या टाळ्या घेतलेलं शरीर त्या वेळी टक्क जागं असतं, नाडी वेगात असते, आणि पुढचे तीन-चार तास झोप येणं शक्य नसतं. नोकरदार माणूस थकून घरी येतो, हा उत्तेजित होऊन येतो. त्यात सामसूम हॉटेल, जेवण नाही, सकाळची गाडी. दारू पटकन झोप आणते हे खरं, पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप मोडते. मग पहाटे जाग, मग गोळी. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल जाळतं, म्हणजे तुमच्या भावाचा अद्धा निचरायला तेरा ते अठरा तास हवेत. रात्री दोनला संपवला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साऊंड चेकला तो उभा राहतो तेव्हा कालची दारू उतरणीला लागलेली असते आणि माइक धरलेला हात थरथरायला लागलेला असतो. ती थरथर प्रेक्षकांना दिसू नये म्हणून तो विंगेत दोन घोट घेतो. लोकांना वाटतं, मस्ती आली. तो त्या वेळी प्यालेला नसेल तर उभाच राहू शकत नाही, ही गोष्ट बाहेरच्याला दिसत नाही.

दुसरं, नाव झालेल्या माणसाला "नको" म्हणणारं कोणी उरत नाही. त्याच्या गाण्यावर वादकांचं पोट आहे, ऑर्केस्ट्रावाल्याचं कमिशन आहे, मंडळाची जाहिरात लागलेली आहे. प्रत्येकाला आजचा कार्यक्रम पार पडायला हवा असतो. चाहते बाटली घेऊनच भेटायला येतात. मायकल जॅक्सनला लंडनच्या ५० कार्यक्रमांच्या तयारीत झोप लागत नव्हती. तेव्हा त्याच्यासाठी पगारावर ठेवलेला डॉक्टर त्याला घरी, पलंगावर, प्रोपोफोल देत होता. हे ऑपरेशनच्या वेळी भूल देण्याचं औषध. २५ जून २००९ ला त्यातच तो गेला आणि २०११ मध्ये त्या डॉक्टरला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं गेलं. ज्याचा पगार आपल्या हातात आहे, तो आपल्याला थांबवणार नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत हे लहान प्रमाणात होत असणार: ओळखीचा औषधवाला चिठ्ठीशिवाय गोळ्यांची पट्टी देतो, कारण गायक आपल्या दुकानात येतो याचं त्याला कौतुक.

तिसरं, सतराव्या वर्षी मिळालेलं नाव. त्या वयात मेंदूचा आवर घालणारा भाग पुरता घडलेला नसतो. परीक्षक, मतं, कॅमेरा यांतून स्वतःची किंमत रोज बाहेरून ठरवून घ्यायची सवय लागते आणि पुढच्या हंगामात नवी मुलं आली की ती किंमत एकदम उतरते. तेच गाणं, तोच गळा, पण फोन वाजायचे बंद होतात. गणपती-नवरात्र-लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत नाही आणि मधले महिने रिकामे. वर व्यसनाकडे कल असण्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो, असं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं. घरात काका-मामा कोणी पिणारे होते का, हे डॉक्टर म्हणूनच विचारतात.

एवढं सगळं एका ठिकाणी आल्यावर माणूस घसरला, तर त्यात नवल नाही. कुंदनलाल सैगल १९४७ मध्ये गेले तेव्हा जेमतेम ४२ वर्षांचे होते. मीनाकुमारी १९७२ मध्ये यकृताच्या सिरॉसिसनं ३८ व्या वर्षी गेल्या. गुणवत्ता, पैसा, लोकांचं प्रेम यांतलं काहीही त्यांना वाचवू शकलं नाही. ज्याला हे असूनही सावरता आलं नाही त्याला आपण दुप्पट दोष देतो, आणि मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं. दोष दिल्यानं तो कमी पीत नाही, लपून पितो. लपून पिणारा एकटा पितो, घाईनं पितो, आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर बघायला जवळ कोणी नसतं.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. माया आणि कडकपणा यांत निवड करायची गरज नाही, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टींना लावा. माणसाशी मायेनं वागा, व्यवहाराशी कडक. त्याला जेवायला वाढा, आजारी असेल तर रात्र जागा. पण दारूसाठी पैसे देऊ नका, आयोजकाला "व्हायरल ताप आलाय" असं खोटं सांगू नका, त्यानं मोडलेलं दुरुस्त करून ठेवू नका. त्याची कर्जं फेडत बसणारे घरचे नकळत त्याला आणखी वर्षभर पिण्याची सोय करून देतात.

बोलायचं कसं, तेही नेमकं सांगतो. रात्री नाही. सकाळी, दहाच्या सुमारास, थरथर फार वाढायच्या आधी. दोनच माणसं असावीत. मामा, आत्या, शेजारचे काका यांची पंचायत बसवू नका. "तू घराण्याचं नाव घालवलंस" या वाक्यानं दार बंद होतं. त्याऐवजी, "तू पडलास तेव्हा मी घाबरलो. तुला रात्री झोप येत नाही हे मला माहीत आहे. उद्या अकराची वेळ घेतलीय, मी गाडी काढतो, तू फक्त चल." वेळ आधी घेऊन ठेवणं महत्त्वाचं, कारण "हो" म्हणण्याची मनःस्थिती काही तासच टिकते. नाही म्हणाला तर वाद न घालता थांबा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा विचारा. घरच्यांना असं बोलायला आणि वागायला शिकवलं की न येणारे लोकही उपचाराला येतात, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. म्हणून तो तयार नसला तरी तुम्ही स्वतः आधी समुपदेशकाला भेटा.

आणि एक प्रश्न थेट विचारा: "जगावंसं वाटत नाही, असं मनात येतं का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. व्हिडिओ फिरल्यानंतरचे आठवडे या दृष्टीनं जोखमीचे आहेत, कारण लाज आणि दारू एकत्र आली की माणूस क्षणात काहीतरी करून बसतो. घरातल्या सगळ्या गोळ्या, फिनाईल, उंदराचं औषध कुलपात ठेवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, फुकट आहे. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

नशामुक्ती केंद्राबद्दल सावध राहा. आपल्याकडे चांगली केंद्रं आहेत आणि चार खोल्यांना कुलूप लावून चालवलेलीही आहेत. फोनवर "पत्ता द्या, रात्री आमची माणसं येऊन उचलून नेतील" असं ज्यानं म्हटलं, तिथं पुढं बोलूच नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे साखळीनं बांधायला मनाई आहे. रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर आणि तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ठरावीक मुदतीसाठी भरती करता येते, आणि ती मुदत पहिल्या वेळी ३० दिवसांपर्यंतच. केंद्र बघायला स्वतः जा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी मागा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री झटका आला तर कुठं नेतात, औषधांचा कागद घरच्यांना दाखवतात का, पहिल्या आठवड्यात भेटू देतात का, हे विचारा. आत राहणाऱ्यांशी एकट्यानं दोन मिनिटं बोलू द्या म्हणा, टाळाटाळ झाली की समजून घ्या. इंदुरात सगळे ओळखतात म्हणून तो बाहेर जायला तयार होत असेल, तर पुण्याचं मुक्तांगण हा पर्याय मनात ठेवा. १९८६ पासून ते काम सुरू आहे आणि समुपदेशन मराठीत होतं. स्वतःच्या भाषेत रडता येणं याला व्यसनमुक्तीत मोठी किंमत आहे.

"न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातीतली पूड भाजीत कालवण्याचा मोह अनेक घरांना होतो. अशा पुड्यांत काय असतं हे कळायला मार्ग नाही. कोणी डायसल्फिरामच्या गोळ्या कुटून वरणात घालतात. त्यावर दारू प्यालं तर चेहरा लाल होतो, रक्तदाब कोसळतो, हृदयाची लय बिघडू शकते, आणि गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. हे औषध वाईट नाही, पण ज्याला ते घ्यायचंय त्याच्या संमतीनं, यकृताची तपासणी करून आणि परफ्यूम-कफ सिरपमधल्या अल्कोहोलबद्दलही सांगून द्यायचं असतं. तुमच्या भावासाठी डॉक्टर बहुधा नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम रोज एक, किंवा यकृत बिघडलेलं असेल तर अकॅम्प्रोसेट ३३३ च्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा, असा विचार करतील; दुसऱ्यासाठी मूत्रपिंडाची तपासणी लागते. नाल्ट्रेक्सोनआधी तो ट्रामाडोल, टॅपेंटाडोल यांसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा अफूचं काही घेतो का हे स्पष्ट करून घ्या. मंदसौर-नीमच-रतलामचा अफूचा पट्टा आपल्यापासून फार लांब नाही, रात्र-रात्र गाडी चालवणाऱ्यांत डोडा चुरा (अफूच्या बोंडांचा भुसा) नवा नाही, आणि ऑर्केस्ट्राची गाडी तीच माणसं चालवतात. अफूवर असलेल्याला नाल्ट्रेक्सोन दिलं तर तासाभरात भयंकर त्रास सुरू होतो. म्हणून आधी लघवीची तपासणी, आणि असं काही घेत असेल तर बंद करून सात ते दहा दिवसांचं अंतर.

रोजची गोळी कोणीतरी समोर देणं फार उपयोगी पडतं. हे काम बाबांना द्या. बोलायचं नसेल तर नका बोलू म्हणावं, पण सकाळच्या चहाबरोबर गोळी आणि पाण्याचा पेला त्यांनीच ठेवायचा. महिनाभरात त्या दोन मिनिटांत दुसरंही काही बोललं जायला लागतं.

पुन्हा प्याला तर? पहिल्या तीन महिन्यांत हे बऱ्याच जणांचं होतं. इथं एक गोष्ट जीवावरची आहे. काही आठवडे दारू बंद राहिली की शरीराची सहन करण्याची ताकद उतरते, पण हाताला जुना अंदाज असतो. एमी वाइनहाउस ही इंग्लंडची गायिका २०११ च्या जुलैमध्ये २७ व्या वर्षी गेली ती अशीच. काही दिवस तिनं दारूला हात लावला नव्हता, मग एकदम प्यायली. रक्तात १०० मिलीमागे ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० आहे. तेव्हा भावाला आणि घरच्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा: घसरलास तर लगेच फोन कर, घरी ये, कोणी ओरडणार नाही. बेशुद्धसारखा झोपला असेल तर कुशीवर वळवा, पाठीवर ठेवू नका. लिंबूपाणी, काळी कॉफी, बोट घालून उलटी, काही नको. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, ओठ निळसर, हलवून उठत नाही, यांतलं एकही दिसलं तर १०८. सकाळी डॉक्टरांना कळवा आणि दारूवरच्या गोळ्या त्यांच्या सल्ल्यानं पुढं चालू ठेवा. "सगळं पाण्यात गेलं" हे वाक्य त्या दिवशी घरात कोणी बोलू नये.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा ऑनलाइनही होतात. चेहरा ओळखला जाईल या भीतीनं तो जात नसेल तर कॅमेरा बंद ठेवून ऐकत बसला तरी सुरुवात झाली.

आता सुपाऱ्या. नवरात्राच्या नऊ रात्री रद्द करा, आजच, लेखी, आणि घेतलेली आगाऊ रक्कम परत करून. कारण "प्रकृतीच्या कारणानं" एवढंच लिहा. सलग नऊ जागरणं, प्रत्येक रात्री नवी गर्दी, आणि तोवर औषधांचा महिनाही झालेला नसेल. दिवाळी पहाट मात्र ठेवा, डॉक्टर हो म्हणाले तर. परत उभं राहायला याच्याइतका चांगला कार्यक्रम नाही: पहाटे पाचला साऊंड चेक, नऊपर्यंत गाणं संपतं, समोर नऊवारी-सलवार कुर्त्यातली घरंदाज मंडळी, नंतर फराळ. त्या वेळी कोणी बाटली काढत नाही, आणि दुपारी बाराला तो घरी असतो. पूर्ण कार्यक्रम नको, चार-पाच गाणी पुरे, दुसरा गायक जोडीला. ग्रीनरूममध्ये एक माणूस कायम घरचा. बिदागी रोख न घेता बँकेत. गाण्याआधी हात थरथरण्याची भीती वाटत असेल तर प्रोप्रानोलोल १० किंवा २० मिलिग्रॅम तासभर आधी डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालतं. दमा किंवा नाडी मंद असेल तर नाही, आणि पहिल्यांदा घेऊन बघायचं ते कार्यक्रम नसलेल्या दिवशी, घरी. यानं सवय लागत नाही. रियाझ सकाळी सुरू करा. दारूनं पित्त वर येऊन स्वरयंत्र सुजलेलं असतं, काही आठवड्यांत वरचे स्वर मोकळे होतात आणि ते त्याला स्वतःला ऐकू येतं.

त्यानंतर रात्रीचे कार्यक्रम घ्यायचे ते घरापासून तासाभराच्या आत. संपल्यावर थेट गाडीत, घरी गरम जेवण, दिवे मंद, फोन दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत तुमच्याकडे, कॉमेंट वाचायच्या नाहीत. तीनपर्यंत झोप आली नाही तर नाही, पडून राहायचं. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नं एक आड एक घ्या. रंगपंचमीला गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी भांग आणि गर्दी दोन्ही असतात, त्या दिवशी त्याला इंदुराबाहेर घेऊन जा. आणि ३१ डिसेंबरची सुपारी या वर्षी घेऊच नका, कितीही बिदागी मिळत असली तरी.